चालू खात्यातून रक्कम परस्पर गेली तर? व्यावसायिकांचे हक्क, मुदती आणि दाद मागण्याचे मार्ग

कर्जत, प्रतिनिधी : नेरळ-कशेळे पट्ट्यातील भातगिरणी असो, माथेरानच्या पायथ्याचे हॉटेल असो, खोपोलीतील फॅब्रिकेशनचे वर्कशॉप असो की रसायनी-पाताळगंगा परिसरातील कारखान्यांचा माल वाहणारा वाहतूकदार असो, यांच्या चालू खात्यातून दरमहा कित्येक रकमा धनादेशाविना, नव्या स्वाक्षरीविना आपोआप वळत्या होत असतात. कर्जाचा हप्ता, यंत्राच्या अर्थसाहाय्याचा हप्ता, विमा, दूरध्वनीचे बिल, टोल. त्यातील एखादी रक्कम चुकीची, दुबार किंवा सर्वस्वी अनोळखी निघाली की ती परत मिळते काय, हा पहिला प्रश्न असतो. मिळते, परंतु ती कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या कारणाने मागायची, याचे उत्तर प्रत्येक प्रकाराला निराळे आहे. तक्रार भलत्या खिडकीवर गेली की मुदत मात्र चालूच राहते.

खात्यातून गेलेली रक्कम तीनपैकी एका प्रकारात मोडते. खातेदाराने कधीच परवानगी न दिलेला व्यवहार, म्हणजे फसवणूक, हा पहिला. परवानगी दिलेली होती, पण रक्कम, तारीख किंवा वेळा चुकल्या, अथवा परवानगी मागे घेतल्यानंतरही वसुली झाली, हा दुसरा. व्यावसायिकाने स्वतःच चुकीच्या खाते क्रमांकावर पैसे पाठवले, हा तिसरा. तिसऱ्या प्रकाराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बँक समोरच्या बँकेला कळवते आणि ज्याच्या खात्यात रक्कम गेली त्याच्या संमतीवर पुढचे सारे अवलंबून राहते. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस व एनईएफटीने पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव पडताळून पाहण्याची सोय देणे बँकांवर बंधनकारक झाले आहे. ती वापरणे हाच येथला खरा उपाय. या लेखाचा विषय पहिले दोन प्रकार आहेत.

व्यावसायिक खातेही संरक्षणाच्या कक्षेत

अनधिकृत व्यवहारापासूनचे संरक्षण बचत खात्यापुरतेच आहे, धंद्याच्या खात्याने आपली काळजी आपण घ्यावी, असा समज बऱ्याच व्यावसायिकांत आढळतो. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाचे दायित्व मर्यादित करणारे परिपत्रक काढले. त्यात चालू खाते, कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्ट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सहकारी बँकांसाठी तशाच आशयाचे परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ रोजी निघाले. ग्रामीण रायगडात सहकारी बँकेत खाते असणाऱ्यांची संख्या पाहता हे दुसरे परिपत्रक इकडे अधिक महत्त्वाचे.

या नियमांचा गाभा असा. दोष किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल, तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, त्याचे दायित्व शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर यंत्रणेत अन्यत्र कोठेतरी आहे, अशा प्रसंगी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास दायित्व पुन्हा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास ग्राहकाला काही भार सोसावा लागतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची चालू, कॅश क्रेडिट वा ओव्हरड्राफ्ट खाती, तसेच ज्यांची वार्षिक सरासरी शिल्लक किंवा मर्यादा २५ लाख रुपयांपर्यंत आहे अशी व्यक्तींची खाती, यांना प्रत्येक व्यवहारामागे कमाल १०,००० रुपये. इतर चालू खात्यांना २५,००० रुपये. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवस उलटल्यावर मात्र ज्या त्या बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. धोरणात वेळोवेळी बदल होतात, म्हणून तक्रार करताना बँकेच्या संकेतस्थळावरील ग्राहक संरक्षण धोरणाची चालू प्रत पाहून घ्यावी.

येथे एक साधी गोष्ट उपयोगी पडते. १ जुलै २०२० पासून लागू झालेली 'उद्यम' नोंदणी केली असेल आणि तिचे प्रमाणपत्र बँकेत दाखल असेल, तर आपले खाते लघुउद्योगाचे आहे हे ऐन वेळी सिद्ध करत बसावे लागत नाही. १०,००० आणि २५,००० यांतला फरक त्या एका कागदावर ठरू शकतो.

हे संरक्षण सर्वत्र असेच आहे असे नाही. अमेरिकेतील एसीएच व्यवस्थेत व्यक्तीच्या खात्यावरील अनधिकृत वसुली साठ दिवसांपर्यंत परतवता येते, कंपनीच्या खात्याला त्यासाठी जेमतेम दोन बँक-दिवस मिळतात. युरोपातील 'सेपा' व्यवस्थेत सामान्य ग्राहकाला आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता परतावा मागता येतो. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधील योजनेत, एकदा मान्य केलेल्या वसुलीचा परतावा मागण्याचा हक्कच नाही. ब्रिटनमधील डायरेक्ट डेबिटची हमी तेवढी व्यापाऱ्यांनाही आहे. या तुलनेत भारतातील छोट्या व्यावसायिकाची बाजू कागदावर तरी भक्कम म्हणावी लागेल.

दोन निकाल

कागदावरचा हा हक्क न्यायालयात कितपत टिकतो, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिले. फार्मा सर्च आयुर्वेद प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीचे खाते बँक ऑफ बडोदामध्ये होते. ऑक्टोबर २०२२ च्या आरंभी त्या खात्याला अनोळखी लाभार्थी जोडले गेले आणि ७६ लाख ९० हजार रुपये ऑनलाइन व्यवहारांनी निघून गेले. लाभार्थी जोडताना आपल्याला ओटीपी आलाच नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. कंपनीने सायबर पोलिसांकडे आणि बँकेकडे तातडीने तक्रार केली. बँकेने दाद दिली नाही. बँकिंग लोकपालानेही तक्रार फेटाळली. त्याविरुद्ध रिट याचिका झाली. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी व फिरदोश पुनीवाला यांच्या खंडपीठाने २०१७ चे परिपत्रक आणि बँकेचे स्वतःचे ग्राहक संरक्षण धोरण यांवर बोट ठेवले, लोकपालाचा आदेश रद्द केला आणि सारी रक्कम सहा टक्के व्याजासह सहा आठवड्यांत परत करण्यास सांगितले.

या निकालात व्यावसायिकाने लक्षात घ्यावे असे दोन मुद्दे आहेत. खाते कंपनीचे होते, तरीही शून्य दायित्वाचा नियम लागू झाला. आणि दुसरा मुद्दा पुराव्याचा: चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. 'तुमच्याच मोबाइलवरून व्यवहार झाला' एवढे म्हणून बँकेला सुटता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये स्टेट बँकेच्या एका ग्राहकाच्या ९४ हजार रुपयांच्या प्रकरणात याच परिपत्रकाच्या आधारे बँकेचे दायित्व कायम केले. त्या ग्राहकाने २४ तासांच्या आत बँकेला कळवले होते.

याउलट चित्र पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या प्रकरणात दिसले. पंजाब नॅशनल बँकेतील तिच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये काढले गेले होते. मात्र तेथे बनावट ई-मेलला प्रतिसाद दिला गेला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील निवाडा अधिकारी म्हणून राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अगरवाल यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ठकांची खाती उघडताना पुरेशी तपासणी न केल्याबद्दल बँकेला दोषी धरले गेले. ई-मेलला प्रतिसाद दिल्याबद्दल तक्रारदारालाही नुकसानीचा वाटा उचलावा लागला.

२०१७ नंतरचा नियम या बाबतीत अधिक कठोर आहे. पासवर्ड वा ओटीपी ग्राहकानेच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. पण कळवल्याच्या क्षणापासून पुढचा तोटा बँकेचा. त्यामुळे चूक आपल्याच माणसाची आहे असे कळले तरी संकोचाने गप्प बसण्यात काहीच हित नाही. ठक एकदा आत शिरला की एका व्यवहारावर थांबत नाही.

तीन दिवस मोजायचे कसे?

सूचना ज्या दिवशी मिळाली तो दिवस धरायचा नाही. त्यापुढचे दिवस खाते ज्या शाखेत आहे तिच्या कामकाजाप्रमाणे मोजायचे. समजा, कर्जतच्या शाखेतील खात्याचा संदेश शुक्रवारी आला आणि दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार आहे. शनिवार-रविवार सुट्टीचे; सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. तक्रार नोंदवण्यासाठी मात्र शाखा उघडण्याची वाट पाहायची नाही. दूरध्वनी, एसएमएस, ई-मेल, संकेतस्थळ असे मार्ग चोवीस तास खुले ठेवणे आणि तक्रारीला क्रमांकासह तत्काळ पोच देणे बँकेवर बंधनकारक आहे. हा क्रमांक आणि त्याची वेळ हाच पुढच्या सगळ्या दाव्याचा पाया.

व्यावसायिक खात्यात अडचण निराळीच असते. संदेश जातो एका मोबाइलवर, आणि तो मोबाइल कधी हिशेबनीसाचा, कधी मुंबईत राहणाऱ्या भागीदाराचा, तर कधी वापरातून गेलेला असतो. मालकाला रक्कम गेल्याचे कळते ते महिनाअखेरीस, उतारा सनदी लेखापालाकडे गेल्यावर. घाटमाथ्याकडच्या फार्महाऊस वा कृषी पर्यटन केंद्रांवर तर मोबाइलला रेंज मिळण्याचीच मारामार. नियमाला या सबबी ठाऊक नाहीत. बँकेने संदेश धाडला आणि नोंदवलेल्या क्रमांकावर तो पोहोचला की घड्याळ सुरू होते. संदेशाबरोबर ई-मेलवरही सूचना मागवून ठेवणे आणि भागीदार बदलताच क्रमांक बदलून घेणे एवढे तरी करता येण्याजोगे आहे.

तक्रार नोंदल्यापासून १० कामकाजी दिवसांत बँकेने वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, तीही विम्याच्या दाव्याची वाट न पाहता आणि अनधिकृत व्यवहाराच्याच तारखेपासून लागू धरून. कॅश क्रेडिट खात्यावर रोजच्या उचलीवर व्याज चढत असल्याने ही जुनी तारीख धरली जाते की नाही, हे तपासणे अगत्याचे. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागला पाहिजे. तसे न झाल्यास नियमाप्रमाणे होणारी भरपाई बँकेने द्यायची.

त्याच वेळी केंद्र सरकारच्या १९३० या मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. येथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. रक्कम ठकाच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी ती गोठवणे हा या यंत्रणेचा उद्देश आहे. रायगडचे सायबर पोलीस ठाणे अलिबागला आहे. म्हणून कर्जत, खोपोली वा रसायनीच्या व्यावसायिकाने आधी फोन करावा आणि मग प्रवासाचा विचार करावा.

हप्त्याची वसुली आणि मॅन्डेट

दुसरा प्रकार फसवणुकीचा नाही, आणि म्हणूनच तो अधिक चकवतो. कर्जाचा हप्ता खात्यातून थेट घेण्यासाठी पूर्वी ईसीएस ही पद्धत होती. राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, २०१२ मध्ये एनएसीएच ही यंत्रणा सुरू केली आणि पुढील काही वर्षांत ईसीएसचे काम तिच्याकडे गेले. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा रविवारी व सुट्टीच्या दिवशीही चालते. 'सोमवारी भरणा करू, हप्ता मंगळवारी जाईल' हा जुना हिशेब तेव्हापासून उरलेला नाही.

या वसुलीचा आधार असतो खातेदाराने सही केलेले मॅन्डेट. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात ते एक पान असते आणि बहुधा न वाचताच सही होते. त्यावर वसुलीची वारंवारता, आरंभ व अखेरची तारीख आणि रक्कम असते. शिवाय ती रक्कम 'ठरलेली' आहे की 'कमाल' आहे, हेही असते. सगळी गोम या शेवटच्या शब्दात आहे. हप्ता १८,००० रुपयांचा असला तरी मॅन्डेट कमाल ४०,००० रुपयांचे असेल, तर दंड, शुल्क आणि थकबाकी मिळून ३५,००० रुपयांची वसुली आली तरी खातेदाराच्या बँकेच्या दृष्टीने ती नियमातच बसते. अशा वसुलीचा वाद बँकेशी नसून वित्तसंस्थेशी आहे. कर्जकरार, हप्त्यांचे वेळापत्रक आणि शुल्काचा तपशील मागून परतावा तिच्याकडेच मागावा लागतो. बँकेच्या काउंटरवर कितीही आवाज चढवला तरी उपयोग होत नाही.

बँकेकडे दाद मागता येईल अशी कारणे वेगळी आहेत. मॅन्डेटच नाही, सही जुळत नाही, मुदत संपली आहे, कमाल मर्यादेपेक्षा अधिक रक्कम घेतली, किंवा भागीदारी खाते दोघांच्या सह्यांनी चालवण्याचे ठरले असताना मॅन्डेटवर एकाचीच सही आहे. यासाठी प्रत्येक मॅन्डेटला दिलेला यूएमआरएन हा क्रमांक लिहून त्याची प्रत बँकेकडे लेखी मागावी. भागीदार वेगळे झाल्यावर जुनी मॅन्डेट तशीच जिवंत राहतात, हेही विसरता कामा नये.

मॅन्डेट रद्द करण्याचा अर्ज खातेदार आपल्या बँकेत देऊ शकतो, आणि येथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसलेला, पण नेमका आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या, १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार, बँकेकडे मॅन्डेट रद्द केल्यानंतरही रक्कम वळती झाली तर त्याची जबाबदारी खातेदाराच्या बँकेची. व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत निवारण झाले पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. अर्जाची शिक्क्यासह पोच हातात नसेल तर हा नियम मुका होतो. हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी अर्ज देऊनही भागत नाही, कारण वसुली नाकारायची तर बँकेला ती ठरलेल्या वेळेतच परतवावी लागते. काही कामकाजी दिवस हाताशी ठेवावेत.

वाद आहे म्हणून खाते रिकामे ठेवण्याची युक्ती काहीजण सुचवतात. ती धोक्याची आहे. देयक व तडजोड प्रणाली कायदा, २००७ च्या कलम २५ नुसार देणे असताना अपुऱ्या शिलकीमुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेली, तर तो धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरतो. दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे. खटल्यापूर्वी घेणेकऱ्याने ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यावर पैसे भरण्यास १५ दिवस मिळतात. शिवाय परतीचे शुल्क दोन्हीकडून लागते, बँकेचे वेगळे आणि वित्तसंस्थेचे वेगळे. वाद असल्यास मान्य असलेली रक्कम भरून उरलेल्या रकमेबद्दल लेखी हरकत नोंदवणे, हाच सुरक्षित मार्ग.

कार्ड वा यूपीआयवरील नियमित वसुलीला ऑक्टोबर २०२१ पासून वेगळी शिस्त लागू झाली. वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना आणि तीतून बाहेर पडण्याची मुभा ग्राहकाला मिळते.

खालापूरचा टोल

वाहतूकदारांच्या बाबतीत सर्वाधिक वेळा होणारी इलेक्ट्रॉनिक वसुली म्हणजे फास्टॅग. द्रुतगती मार्गावरील खालापूर नाक्यावरून दिवसातून दोन-तीनदा जाणाऱ्या गाड्यांचा हिशेब महिनाअखेरीस जुळवताना दुबार कपात, वाहनाची चुकीची श्रेणी, किंवा गाडी वर्कशॉपमध्ये उभी असताना झालेली कपात असे प्रकार शोधावे लागतात. याची तक्रार नाक्यावर नव्हे, तर ज्या बँकेने फास्टॅग दिला तिच्याकडे करायची. ती एनपीसीआयच्या यंत्रणेतून नाक्याच्या बँकेकडे परताव्याची मागणी करते. हा मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा असल्याने राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या १०३३ या क्रमांकावर विसंबून राहू नये. गाडीच्या जीपीएसची नोंद, नोंदणी पुस्तिकेची प्रत आणि कपातीच्या संदेशातील वेळ एवढा पुरावा पुरेसा ठरतो. रक्कम लहान असते म्हणून सोडून दिली जाते. पाच गाड्यांच्या मालकाला ती वर्षाकाठी लहान राहत नाही.

बँकेने ऐकले नाही तर

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली आणि तक्रार ऑनलाइन देण्याची सोय झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही तिच्या कक्षेत आल्या. लोकपालाचा नकार म्हणजे शेवट नव्हे, हे वर दिलेल्या २०२४ च्या निकालावरून दिसतेच.

फसवणुकीच्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा करता येतो. पुण्याच्या कंपनीने हाच मार्ग धरला होता. अलिबाग येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र व्यावसायिकासाठी अर्धाच उघडा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा 'ग्राहक' या व्याख्येतून वगळली आहे, आणि एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्ट खात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तोच अर्थ लावला. स्वयंरोजगारातून केवळ चरितार्थ चालवणाऱ्याला अपवाद आहे. एकट्याने टेम्पो चालवणारा खोपोलीचा वाहनमालक त्यात बसू शकेल. डझनभर नोकर असलेल्या रिसॉर्टने आयोगाकडे जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.